लेकींचा गलका

“पण आप्पा, युरेनियममध्ये पैसे घालावेत की नाही, एवढंच सांगा.”

मंदार राजाध्यक्ष तिसऱ्यांदा विचारत होता. आप्पा पायरीवर बसून तुरीची डाळ निवडत होते. त्यांनी सुपातला एक खडा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि बाजूला टाकला.

“पुन्यांदा सांग,” ते म्हणाले. “सकाळी सांगितलंस तसंच. समदं.”

मंदारला अशी सवय नव्हती. लोकांचे पैसे गुंतवणं हा त्याचा धंदा; बाजाराची बातमी देणाऱ्या वाहिनीवर तो महिन्यातून दोनदा दिसायचा, आणि तिथं कुणी डाळ निवडत त्याचं ऐकत नसे. पण तो पुण्याहून पहाटे निघून पाच तास गाडी हाकत या टेकडीवर आला होता, आणि उत्तर घेतल्याशिवाय परत जाण्यात अर्थ नव्हता.

आप्पा म्हणजे सिद्रामप्पा बिराजदार. वय ब्याऐंशी, शिक्षण चौथी. पस्तीस वर्षं सरकारी सर्वेक्षणाच्या तुकडीत गायगर काउंटर खांद्याला अडकवून ते रानोमाळ हिंडले. जमिनीखाली युरेनियम आहे का, हे काउंटरच्या टिकटिकीवरून ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले आणि अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या शिवेवरच्या या उजाड टेकडीवर येऊन राहिले. खालच्या गावाला वाटतं, ते तप करतात. लोक उंबऱ्यावर नारळ ठेवून जातात. आप्पा त्याचं खोबरं आमटीला लावतात.

“त्यांना तुझा इंग्रजी अहवाल वाचता येणार नाही,” पुण्यातल्या एका जुन्या भूगर्भतज्ज्ञानं मंदारला सांगितलं होतं. “पण त्यांना विचारल्याशिवाय सही करू नकोस.”

मंदारनं पुन्हा सुरुवात केली.

जगभर अणुभट्ट्या वाढणार आहेत. चीन बांधतोय, आपण बांधतोय, बंद पडलेल्या पुन्हा सुरू होताहेत. संगणकांची जी अवाढव्य गोदामं उभी राहताहेत त्यांना अष्टौप्रहर वीज लागते. वारा पडला, ऊन उतरलं, म्हणून त्यांचं भागत नाही. जपानातल्या अणुभट्टीच्या अपघातानंतर युरेनियमचा भाव कोसळला होता. खाणी बंद पडल्या, नव्या कुणी शोधल्या नाहीत. आज नवी खाण काढायची म्हटली तर परवान्यापासून पहिलं पिंप भरेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

“मागणी वर चाललीय, पुरवठा खाली,” मंदार म्हणाला. “बोटाच्या पेराएवढी इंधनाची गोळी, आप्पा. टनभर कोळशाचं काम करते.”

हे वाक्य तो नेहमी शेवटी म्हणायचा. ऐकणारे या ठिकाणी पुढं सरकून बसायचे.

आप्पांनी डाळीतला आणखी एक खडा काढला.

“तू बघितलंयस?”

“काय?”

“युरेनियम.”

मंदार थांबला. “फोटो पाहिलाय,” तो म्हणाला.

आप्पा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं मंदारला वाटून गेलं.

“आणि पैसं कुणाचं?”

हे मात्र मंदारनं सकाळी सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागलं. पैसे बासष्ट जणांचे होते. सगळे एसटीच्या एकाच डेपोतले निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक. मंदारचे वडील त्याच डेपोत कंडक्टर होते. मंदार नववीत असताना ते गेले. त्यानंतर या मंडळींनी दर महिन्याच्या पगारातून वर्गणी काढून मंदारला इंजिनिअर केलं. आता त्यांनी निवृत्तीची पुंजी त्याच्या हाती दिली होती. कुणी काही विचारलं नव्हतं. ‘आपला पोरगा आहे,’ एवढ्यावर सह्या झाल्या होत्या.

आणि ती सगळी पुंजी उद्या सकाळी एकाच कंपनीत जायची होती. परदेशातली नवी खाण कंपनी. वाळवंटात तिनं तीस भोकं पाडली होती, आणि भोकांतल्या युरेनियमचे आकडे असे आले होते की मंदारला दोन रात्री झोप नव्हती. आनंदानं.

“समदी?” आप्पांनी विचारलं.

“थोडी थोडी घालून कुणाचं आयुष्य बदलत नाही, आप्पा.”

“आयुष्य बदला म्हणाले ते?”



आप्पांनी सूप खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात रेटत उठले. खोलीच्या मागच्या भिंतीशी एक लोखंडी पेटी होती. तिच्यातून त्यांनी कापडात गुंडाळलेले दोन दगड आणले आणि चामडी पट्ट्याचा एक जुना काउंटर. दगड अंगणाच्या दोन टोकांना ठेवले. दोन्ही तसे सारखेच, करडे, मूठभर आकाराचे.

“ह्यातला एक घ्यायचा,” आप्पा म्हणाले. “तुझ्या माणसांसाठी. कुठला घेशील?”

“हातात धरला तर चालेल ना?”

“चालतंय की. मागनं हात धू. चाटू नगंस म्हंजे झालं.”

त्यांनी काउंटरचे हेडफोन मंदारच्या कानांवर चढवले. काउंटर सुरू झाला.

टिक... टिक टिक... टिक.

मंदारनं आजूबाजूला पाहिलं. दगड दोन्हीकडे दहा-दहा पावलं लांब होते. “हे कुठून येतंय?”

“कायबाय जमिनीतनं. कायबाय वरनं.” आप्पांनी आभाळाकडे बोट केलं. “तू नव्हतास तवापासनं चाललंय. तुझ्या अंगातनं आरपार जातंय, रोज. आज ऐकलंस, एवढंच.”

मंदार उभ्या जागी खिळला. आभाळ निरभ्र होतं, एक घार तेवढी फिरत होती. इतकी वर्षं या गोष्टीच्या व्यवहारात घालवून तिचा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. त्याला एकदम देवळात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं.

“हां. जा आता पहिल्याकडं,” आप्पा म्हणाले.

तो एकेक पाऊल टाकत गेला. टिकटिक जवळजवळ येऊ लागली. चार पावलांवर ती मोजता येईना. काउंटर दगडाला लावला आणि गरम तेलात मूठभर मोहरी पडावी तसा कानात तडतडाट उडाला. तीन वर्षं जे तो आलेखांवर पाहत होता ते इथं, मुठीएवढ्या दगडात, जिवंत ओरडत होतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

मग तो दुसऱ्या दगडाकडे गेला. तिथं टिकटिक जरा वाढली, इतकंच. लक्ष देऊन ऐकलं तरच कळावी.

“हा.” मंदारनं परत येऊन पहिला दगड उचलला. “यात विचारायचं काय?”

“ह्यो नक्की?”

“नक्की.”

आप्पांनी मान हलवली. “त्यात काय न्हाई,” ते म्हणाले. “रिकामा हाय.”

मंदारनं कानांवरचे हेडफोन काढले. हातातल्या हेडफोनमधून अजून तडतड ऐकू येत होती.

“रिकामा? हा एवढा ओरडतोय आणि...”

“ओरडतंय ते युरेनियम न्हाई.”

“मग कोण ओरडतंय?”

“त्येच्या लेकी.”

आप्पा परत पायरीवर बसले, आणि मंदारही नकळत खाली मातीत बसला. त्याची पँट कडक इस्त्रीची होती, पण ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

“युरेनियम बाप,” आप्पा म्हणाले. “लई सावकाश झिजतंय. झिजतं, त्येचं दुसरं कायतरी होतं. त्येचं तिसरं. असं करत करत चौदा पिढ्यांनी शिसं होतंय, मग सगळं थंड. बापाचा आवाज लई बारीक. काउंटरला जवळपास ऐकूच येत न्हाई. गलका करत्यात त्या मागनं झालेल्या लेकी. आपण लेकींचा गलका ऐकायचा आणि म्हणायचं, बाप घरात हाय.”

“म्हणजे बरोबरच आहे की.”

“बरोबर. जवर पाणी आलं न्हाई तवर.”

वारा सुटला होता. खालच्या शेतात कुणीतरी ज्वारीवरची पाखरं हाकत होतं.

“पाणी झिरपत येतं,” ते म्हणाले. “बापाला बरुबर घेऊन जातं. लेकी पाण्याला दाद देत न्हाईत, त्या तितंच ऱ्हात्यात. घर रिकामं, पण आवाज तेवढाच. हजार वरसं, दोन हजार वरसं... लेकी ओरडतच ऱ्हात्यात. वरनं जाणाऱ्याला काय कळणार?”

मंदारनं हातातल्या दगडाकडे पाहिलं. मघाशी ऊर भरून आला होता तो याच्याचसाठी.

“आणि तो दुसरा?”

“हितनं पाण्यानं नेलं ते कुठंतरी खाली, खडकाच्या फटीत जाऊन बसलं. त्यो दुसरा. बापानं भरलेला हाय. लेकी अजून व्हायच्यात.”

“ताजा आहे म्हणजे?”

“एकदम ताजा. पाच-सात हजार वरसांचा आसंल. बारकं पोर.”

हे आप्पा अगदी गंभीरपणे म्हणाले. मंदारला हसू आलं नाही. त्यानं पहिला दगड खाली ठेवला, दुसऱ्याकडे जाऊन तो उचलला. जड होता. दिसायला कुठल्याही रस्त्याच्या कडेला पडलेला.

“हा कधी ओरडेल, पहिल्यासारखा?”

“चार-पाच लाख वरसं.”

मंदारनं आकडा मनात पुन्हा म्हणून पाहिला. तो रोज मोठमोठ्या आकड्यांशी खेळणारा माणूस, पण हा आकडा त्याच्या तोंडात मावेना.

“साहेब लोक सांगायचे,” आप्पा म्हणाले, “हे हितलं न्हाईच म्हणून. पृथ्वी व्हायच्या आधी कुठला तरी तारा फुटला, त्यात झालेलं हे. पृथ्वी झाली तवा जेवढं हुतं त्यातलं निम्मं आजून शिल्लक हाय. निम्मं! मला चाळीस वरसं झाली ऐकून. आजून हातात घेतला की आपसूक आभाळाकडं बघतोय मी.”

पस्तीस वर्षं त्यांनी हे दगड खांद्यावरून वाहिले होते, आणि तरी आप्पांना त्यांची सवय झाली नव्हती. मंदारनं दगड दोन्ही हातांत धरला. ताऱ्यातून निघालेली ही वस्तू आपल्याला टनावारी, भावावारी, तिमाहीवारी माहीत होती, या विचारानं त्याला स्वतःची कीव आली.

“चल,” आप्पा म्हणाले. “एक जागा दावतो.”

खोलीच्या मागं पन्नास पावलांवर लोखंडी जाळी टाकलेलं एक भगदाड होतं. विहिरीएवढं रुंद, आणि आत बघितलं तर तळ दिसेना. भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलेलं होतं. त्याच्या काठाला शेंदूर फासलेला एक धोंडा आणि दोन सुकलेले हार होते.

“गाववाल्यांचं काम,” आप्पा म्हणाले. “त्येनला वाटतं, मी हितं तपाला बसतो.”

“मग काय करता?”

“राखण करतो.”

“कशाची?”

“माझ्या चुकीची.”

मंदारनं खाली वाकून पाहिलं. आतून गार हवा वर येत होती.

“बत्तीस वरसांचा हुतो,” आप्पा म्हणाले. “ह्या टेकाडावर आलो आणि कानात आसा गलका झाला की मी नाचलो. खरंच नाचलो, काउंटर गळ्यात घेऊन. नियम असा हुता, की दगड फोडायचा, वाळवायचा, कुटायचा, पुडी बांधून प्रयोगशाळेला धाडायची. तिकडनं कागद आला की मग बोलायचं. कागद यायला तीन महिनं लागायचं. मी त्याच सांजंला साहेबाला सांगितलं, सापडलं म्हणून.”

“आणि?”

“खाली अकरा घरांची वस्ती हुती. उठवली. शेतं घेतली. दोन वरसं खणलं.” आप्पांनी भगदाडाकडे हनुवटी केली. “बाप कवाच निघून गेला हुता.”

“आणि ती माणसं?”

“गेली. कुणी सोलापूरला गिरणीत, कुणी भट्टीवर. जमिनी माघारी मिळाल्या, तवर घरं पडली हुती. एक बी परत आलं न्हाई.”

“तुम्ही मुद्दाम तर केलं नव्हतं, आप्पा.”

“मुद्दाम कोण करतंय?” आप्पा म्हणाले. “मला खरंच ऐकू आलं हुतं.”

मंदारनं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि पुन्हा आत ठेवली.

“तुझं ते बाड आण,” आप्पा म्हणाले.

मंदार गाडीतून अहवाल घेऊन आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर वाळवंटातला सूर्योदय. आप्पांनी तो हातातही घेतला नाही.

“मला इंग्रजी वाचता येत न्हाई. एकच बघून सांग. ते तीस भोकांचं आकडं हायत ना, ते कुणी दिलं? काउंटरनं का प्रयोगशाळेनं?”

मंदारनं पानं उलटली. त्याला ती ओळ कुठं आहे ते ठाऊक होतं. एकसष्टाव्या पानावर, तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यानं ती चार वेळा वाचली होती आणि चारही वेळा तिच्यावरून पुढं गेला होता.

“आकडे भोकांत सोडलेल्या काउंटरवरून काढलेले आहेत,” त्यानं वाचलं. त्याचा आवाज उतरला. “रासायनिक तपासणी... बाकी आहे.”



मंदार भगदाडाच्या काठाला, शेंदराच्या धोंड्याशेजारी बसला. बासष्ट माणसं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. उद्या सकाळी एक बटण दाबायचं होतं.

“कदाचित खरंही निघेल,” तो बऱ्याच वेळानं म्हणाला.

“निघंल की. समदीकडंच पाणी येतंय थोडंच.”

“मग मी थांबतो. कागद येईपर्यंत.” मंदारला जरा धीर आला. त्याच्या आवाजात वाहिनीवरचा माणूस हळूच परत आला. “किंवा ही कंपनी सोडतो. जुनी, तपासलेली, खाण चालू असलेली दुसरी बघतो. मुद्दा एका कंपनीचा नाही ना, आप्पा. मूळ गोष्ट तर खरी आहे. विजेची भूक वाढणार.”

“वाढणार.”

“युरेनियम कमी पडेल.”

“पडंल.”

“मग भाव चढेल.”

“चढंल. न चढून करतोय काय.”

“फक्त कधी, एवढंच...”

आप्पा भगदाडाच्या काठाला उभे होते. त्यांनी मंदारकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट, डोळ्यांत.

“त्या तुझ्या डेपोच्या माणसांत सगळ्यात थोरलं कोण?”

“कोंडिबाकाका,” मंदार म्हणाला. “ड्रायव्हर होते. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, त्याच्या तोंडून निघून गेलं, “माझ्या बारावीच्या पेपरला त्यांनी भरलेली गाडी फाट्यावर दहा मिनिटं उभी करून ठेवली होती. मी धावत येत होतो.”

“आता बरं हायत?”

“गुडघे गेलेत. ऑपरेशन करायचंय, याच पैशातून. डॉक्टर म्हणतात, या मार्चच्या आत.”

खालच्या शेतातला हाकारा थांबला होता.

“मग भाव कधी चढाया पायजे ते त्येंला इचार,” ते म्हणाले.